पहाडी लाव्याच्या शोधात: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

१८७६ साली नैनितालच्या शेर का डांडा या डोंगराच्या पूर्व उतारावर, साधारण सात हजार फुटांवर, मेजर कार्विथेन यांनी एक लावा मारला. पहाडी लाव्याचा (ऑफ्रायसिया सुपरसिलिओसा) तो शेवटचा खात्रीचा नमुना. त्याआधीच्या पक्क्या नोंदी मसुरीच्या आहेत: नोव्हेंबर १८६५ मध्ये भद्राज आणि बिनोग या डोंगरांच्या दरम्यान, आणि १८६७-६८ मध्ये खाली झडीपानीला, साडेपाच हजार फुटांच्या आसपास. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची जेमतेम डझनभर कातडी आहेत. तेव्हापासून ‘दिसला, दिसला’ अशा आवया अधूनमधून उठतात, पण छायाचित्र नाही, पीस नाही, आवाजाचं ध्वनिमुद्रण तर कुणाकडेच नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो आजही ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, ‘नामशेष’ नाही. एवढ्या फरकासाठीच माणसं उत्तराखंडच्या गवताळ उतारांवर जातात.

तुम्हाला जायचं असेल तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. तुमच्या हाती येणारी खरी वस्तू म्हणजे नोंद: अमुक उतार, अमुक उंचीचं गवत, इतके तास, इतकी माणसं, आणि लावा दिसला नाही. अशी नीट केलेली ‘नाही’ची नोंद पुढच्या माणसाचे आठ दिवस वाचवते. नुसतं ‘फिरून आलो, काही नव्हतं’ याचा कुणालाच उपयोग नाही.

आधी जुन्या नोंदी तपासा

आपल्या महाराष्ट्रातलाच धडा बघा. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर शंभरावर वर्षं कुणाला सापडत नव्हता. १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याचा एक नमुना रिचर्ड मायनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या पक्षिसंग्रहात होता. पुढे उघड झालं की तो एकोणिसाव्या शतकातला, दुसऱ्याच माणसाने गोळा केलेला नमुना चोरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. ती खोटी नोंद बाजूला ठेवून अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या गावांकडे वळले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ रानपिंगळा समोर झाडावर बसलेला दिसला. नुसतं जंगल तुडवून तो मिळाला नसता.

पहाडी लाव्याच्या बाबतीतही तेच करा. खात्रीच्या नोंदींतून एवढं निघतं: उंची साधारण १६५० ते २४०० मीटर, तीव्र उतार, बहुतेक दक्षिणाभिमुख, उंच गवत आणि मधूनमधून झुडपं, पाच-दहा पक्ष्यांचा थवा, झडीपानीला नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत वास्तव्य. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पक्षी अगदी पायाखाली येईपर्यंत उडत नाही. शिकाऱ्यांना तो मिळाला तो बहुतेक कुत्र्यांनी उठवल्यामुळे. रस्त्यावरून दुर्बीण लावून पाहणारा माणूस या पक्ष्याच्या दहा फुटांवरून निघून जाईल आणि त्याला पत्ता लागणार नाही. दीडशे वर्षं न दिसण्याचा थोडा वाटा या सवयीचाही असेल. आशेला जागा आहे ती इथेच.

ओळख घरी पाठ करा

लांबी साधारण २५ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या साध्या लाव्याहून बराच मोठा. शेपूट लांब, लाव्यांच्या मानाने फारच लांब. नर गडद पाटीच्या रंगाचा, अंगावर काळ्या रेघा, चेहरा आणि गळा काळा, कपाळ पांढरं, डोळ्याच्या पुढे-मागे पांढरा ठिपका. चोच लाल, पाय लालसर. मादी दालचिनीसारखी तपकिरी, त्यावर गडद ठिपके आणि रेघा. आवाज म्हणजे तीक्ष्ण शीळ, एवढंच जुन्या वर्णनांत आहे. ध्वनिमुद्रण नसल्यामुळे मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावण्याचा प्रश्नच नाही. कुणी तशी फीत पुढे केली तर ती दुसऱ्याच पक्ष्याची आहे असं समजा.

फसवणारे पक्षी तीन. ते नीट शिकलात तर निम्मं काम झालं.

पहिला कालीज, म्हणजे हिमालयातल्या जंगलातला कोंबडीवर्गीय पक्षी, आणि त्यातही त्याची अर्धवट वाढलेली पिल्लं. ही पिल्लं लहान असतानाच उडू लागतात. पावसाळ्यात आणि नंतर काही दिवस आईबरोबर थव्याने फिरतात, रंग तपकिरी, आकार नेमका मोठ्या लाव्याएवढा. अशा वेळी पाच मिनिटं जागचे हलू नका. आई जवळपास असतेच आणि ती कुईकुई करत पिल्लं गोळा करते. मोठी कालीज मादी दिसली की डोळ्याभोवतीची लाल कातडी आणि डोक्यावरचा तुरा बघा. पहाडी लाव्याला दोन्ही नाही.

दुसरा काळा तित्तिर. नर काळा, गालावर पांढरा डाग, पाय लालसर-केशरी! नवखा माणूस इथे हमखास उडी मारतो. पण याची चोच काळी असते, गळ्याला विटकरी पट्टा असतो, बाजूंवर पांढरे ठिपके असतात आणि तो साधारण ३५ सेंटीमीटरचा असतो. शेताच्या पायऱ्यांवर बसून तो मोठ्याने ओरडतो. पहाडी लाव्याबद्दल असं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

तिसरा साधा लावा. शेपूट जवळपास नाहीच, आणि उडतो तो गोळी सुटल्यासारखा. पहाडी लाव्याचं उडणं जड आणि संथ, थोडं अंतर जाऊन पुन्हा गवतात पडणारं.

सराव महाराष्ट्रातच करा. पुणे जिल्ह्यात सुपे-मोरगावच्या माळावर लावे गवतातून उठतात. उठल्यापासून पडेपर्यंत दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात तीन गोष्टी टिपायच्या: शेपटीची लांबी, चेहऱ्यावरचं पांढरं, चोच-पायांचा रंग. मग दुर्बीण खाली ठेवून लगेच कागदावर रेखाटायचं. चित्र वाईट आलं तरी चालेल. पन्नास वेळा केलं की डोळा आपोआप त्या तीन जागी जातो.

परवानगी

पहाडी लावा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मसुरीजवळचं बिनोग अभयारण्य १९९३ पासून आहे. अभयारण्यात नुसतं फिरायचं असेल तर प्रवेशाचा परवाना पुरतो. पण अभ्यास म्हणून कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप छायाचित्र काढणारे कॅमेरे) लावायचे असतील, पायवाट सोडून उतार विंचरायचे असतील, तर कलम २८ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे अर्ज करावा लागतो. निदान तीन-चार महिने आधी करा. अर्जात उतारांची नावं, तारखा, माणसांची संख्या आणि कॅमेऱ्यांची संख्या द्या. मोघम लिहिलेला अर्ज परत येतो. राखीव जंगलासाठी त्या विभागाच्या वनाधिकाऱ्यांकडे वेगळं विचारावं लागतं, आणि वनपंचायतीची जमीन असेल तर त्या पंचायतीच्या सरपंचांना भेटल्याशिवाय पाऊल टाकू नका. कागद असला तरी ती गावाच्या चाऱ्याची जागा आहे.

ड्रोन नेऊ नका. कुत्रा तर अजिबात नको.

उतार कसा निवडायचा

हे काम घरी, गूगल अर्थ आणि समोच्च रेषांचा नकाशा घेऊन होतं. १६५० आणि २४०० मीटरच्या रेषा गडद करा. त्या पट्ट्यातले दक्षिण, आग्नेय आणि नैर्ऋत्येकडे तोंड असलेले, तीस अंशांहून जास्त चढाचे उतार रंगवा. आता नोव्हेंबर-डिसेंबरचं उपग्रहचित्र उघडा. गवत तेव्हा सोनेरी दिसतं, बांज ओक गडद हिरवा, आणि चीड पाइन जरा फिका, केसाळ हिरवा. तुम्हाला हवाय तो सोनेरी रंग. चीड पाइनच्या दाट लागवडीखाली सुयांचा थर साठतो आणि उंच गवत फारसं उरत नाही, ते तुकडे सोडून द्या. जुनी चित्रं मागे-पुढे करून काळे डाग शोधा. गेल्या उन्हाळ्यात जो उतार वणव्यात जळला तिथलं गवत एकसारखं कोवळं असतं, खाली लपायला जुनं वाळकं गवत उरत नाही.

चीर फेजंट हा कोंबडीवर्गीय पक्षी ज्या उतारांवर राहतो ते उतार यादीत वर ठेवा. तोही तीव्र, गवताळ, खडकाळ उतारांचाच पक्षी, आणि तो पहाटे ओरडतो त्यामुळे त्याचा ठाव लागतो. चीर टिकून आहे याचा अर्थ तिथे गवतही टिकून आहे आणि शिकारही आटोक्यात आहे.

शेवटी गाव. गावापासून अर्ध्या तासाच्या आतलं गवत सप्टेंबर ते नोव्हेंबर दरम्यान कापून गंज्या रचलेल्या असतात. कापणाऱ्या बायकांना जिथे जाता येत नाही, कड्याखालच्या पट्ट्या, दोन घळींच्या मधले नाकाडासारखे तुकडे, तिथे कमरेएवढं गवत उभं राहतं. असे आठ-दहा तुकडे निवडा. सहा दिवसांत चार नीट होतात. दहाच्या दहा उरकायचा हट्ट धरलात तर एकही धड होत नाही.

कधी, कसं जायचं, काय न्यायचं

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम: गवत उभं, आकाश स्वच्छ, जळवा संपलेल्या. दुसरा हंगाम एप्रिलचा, पक्षी ओरडण्याच्या दिवसांचा, पण तेव्हा वणवे सुरू झालेले असतात. पावसाळ्यात जाऊच नका, दरडी कोसळतात.

नैनितालसाठी दिल्लीहून रात्रीच्या गाडीने काठगोदाम, तिथून वर ३५ किलोमीटर. मसुरीसाठी डेहराडून, तिथूनही वर तेवढंच. पहिला दिवस नुसता चालून पाय आणि श्वास जमवण्यात घालवा.

दुर्बीण ८x४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. यापेक्षा जास्त पटींची गवतात निरुपयोगी, पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. घोट्याच्या वरपर्यंतचे, खोल नक्षीच्या तळाचे बूट. पोटऱ्यांना गेटर (बुटावरून बांधायचं जाड आवरण), कारण गवतात कुसळं आणि गोचिडी असतात, आणि ओढ्याकाठी बिच्छू घास. गढवालात तिला कंडाली म्हणतात, कुमाऊंत सिसूण. हात लागला तर तासभर आग होते. एक मजबूत काठी. माणशी तीन लिटर पाणी, कारण दक्षिण उतार कोरडे असतात आणि नकाशावरचा झरा नोव्हेंबरात आटलेला असू शकतो. डोक्याला लावायची बॅटरी प्रत्येकाकडे हवी, गटात एक नव्हे. त्या भागात नोव्हेंबरच्या मध्याला साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, मुंबई-पुण्यापेक्षा साधारण चाळीस मिनिटं आधी, आणि घळीत त्याच्याही आधी अंधार होतो. आपल्याकडच्या सवयीने ‘अजून उजेड आहे’ म्हणत बसणारे इथेच अडकतात.

गावात विचारणं

सर्वांत जास्त माहिती गवत कापणाऱ्या बायकांकडे असते. त्या वर्षानुवर्षं त्याच उतारावर, वाकून, विळा हातात घेऊन, जमिनीलगत बघत असतात. पण त्यांच्यासमोर पहाडी लाव्याचं चित्र धरून ‘यह देखा है?’ असं विचारलंत की उत्तर ‘हाँ’ येतं. पाहुण्याला नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून.

त्याऐवजी आठ चित्रं न्या: कालीज नर आणि मादी, चीर, चकोर, काळा तित्तिर, साधा लावा, पहाडी लावा, आणि एक असा पक्षी जो तिथे असूच शकत नाही, समजा माळढोक. सगळी पत्त्यांसारखी पसरा आणि ‘इनमें से कौन-कौन यहाँ रहते हैं?’ एवढंच विचारा. माळढोकावर बोट ठेवलं तर बाकी उत्तरंही सोडून द्या. पहाडी लावा निवडला तर लगेच उसळू नका. कुठे, कोणत्या महिन्यात, किती होते, उडाला कसा, पाय कसे होते, हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. बाईंना ‘दीदी’, गढवालात मोठ्या पुरुषाला ‘भैजी’, कुमाऊंत ‘दाज्यू’. चहा घ्या, घाई करू नका.

तीन गोष्टी कटाक्षाने टाळा. ‘तुम्ही मारलाय का?’ असं कधीही विचारू नका, आणि सांगणाऱ्याचं नाव वहीत लिहू नका. आणि बक्षीस जाहीर करू नका. ‘दाखवाल तर पाच हजार’ म्हटलंत की आठवड्याभरात त्या उतारावर फासे लागतील, आणि त्यात तित्तिर, कालीज, चीर सगळे अडकतील. पक्षी खरंच उरला असेल तर तुमच्या पैशांनीच संपेल.

उतार विंचरणं

चार किंवा पाच माणसं. सूर्य वर आल्यावर अर्ध्या तासाने सुरुवात, दहापर्यंत एक फेरी. दुपारी तीन ते साडेचार दुसरी. समोच्च रेषेला धरून आडवं चालायचं, चढावर सरळ नाही.

रांग तिरपी ठेवा: सर्वांत खालचा माणूस सर्वांत पुढे, त्याच्या वरचा दहा मीटर मागे, त्याच्या वरचा आणखी दहा मीटर मागे. दोघांमधलं उभं अंतर आठ-दहा मीटर. याला दोन कारणं आहेत. वरच्याच्या पायाखालचा दगड सुटला तर तो सरळ खाली येतो आणि खालचा माणूस तोवर पुढे गेलेला असतो. दुसरं म्हणजे डोंगरउतारावरून उठलेले कोंबडीवर्गीय पक्षी बहुधा खालच्या दिशेने झेपावतात, त्यामुळे ते खालच्या माणसाच्या नजरेसमोरून जातात. रांग उलटी झाली तर डोकं फुटण्याची भीती, आणि पक्षी फक्त पाठमोरा दिसणार.

वीस पावलं चाला, मग पूर्ण मिनिटभर थांबा. हे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नवखे नेमकं हेच गाळतात. दबून बसलेला पक्षी चालणाऱ्या पावलांना सहन करतो. पावलं थांबली की त्याला वाटतं आपण दिसलो, आणि तो उठतो. थांबल्यावर बोलू नका, मोबाइल काढू नका, पुढच्या दहा पावलांतलं गवत बघा. अशा चालीने एक किलोमीटरला दीड तास लागतो. तासाभरात दोन किलोमीटर झालं असेल तर तो उतार तपासला असं लिहू नका.

वाळक्या गवतावर आणि चीडच्या सुयांवर, ज्याला तिथे पिरूल म्हणतात, पाय तेल लावल्यासारखा सरकतो. उतरताना आडवं पाऊल टाका, काठी डोंगराच्या बाजूला. बिबट्याचा वावर या उतारांवर आहेच, म्हणून एकट्याने मागे राहायचं नाही, आणि अंधार पडण्याआधी रस्त्यावर यायचं. शरदात ओकची फळं पडतात तेव्हा काळं अस्वल त्या राईत असतं. गवतातून ओकमध्ये शिरण्याआधी हाक द्या, टाळ्या वाजवा. गवतातली शांतता तिथे नको.

कॅमेरा ट्रॅप, परवानगी असेल तर

वाघासाठी लावतात त्या उंचीवर लावलात तर पक्षी चौकटीच्या खालून जाईल. जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटर, गवतातल्या जनावरांच्या आडव्या वाटेकडे तोंड करून, वाटेला काटकोनात नाही तर जरा तिरका. अंतर दीड ते दोन मीटर. तोंड उत्तरेकडे असलं की थेट ऊन भिंगात येत नाही. प्रत्येक वेळी तीन छायाचित्रं, मध्ये विश्रांती शून्य.

दोन गोष्टी बिघडतात. वाऱ्यावर हलणारं तापलेलं गवत कॅमेरा सारखं उडवतं आणि दोन दिवसांत कार्ड भरतं. म्हणून समोरची चार-सहा पाती बाजूला वाकवून अडकवा, कापू नका. दुसरं, दक्षिण उतार दुपारी इतका तापतो की जमीन आणि पक्ष्याचं अंग यांच्या तापमानात फरक उरत नाही, आणि कॅमेऱ्याला पक्षी जाणवतच नाही. दुपारची चित्रं नाहीत म्हणून दुपारी पक्षी नव्हता असं समजू नका. आणि निघण्याआधी कॅमेऱ्यातली तारीख-वेळ तपासा. चुकीच्या तारखेचं छायाचित्र पुरावा म्हणून अर्धंच मोजलं जातं.

वही

प्रत्येक फेरीला एक पान: तारीख, उताराचं नाव, सुरुवात-शेवटची वेळ, माणसं किती, चाललेला मार्ग जीपीएसवर, उंची, उताराची दिशा, गवताची उंची (गुडघा, मांडी, कंबर), कापलेलं-चरलेलं-जळलेलं आहे का, आणि दिसलेले सगळे पक्षी. तास आणि माणसं वेगळी लिहा. पाच जणांनी तीन तास चालणं म्हणजे तीन तास. त्याला पंधरा म्हणायचं नाही.

दिसलाच तर

मागे धावू नका, पुन्हा उठवू नका. प्रत्येकाने जागच्या जागी, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, आपापलं चित्र आणि वर्णन लिहायचं, खाली वेळ टाकायची. बोलणं आधी झालं की पाच जणांची पाच निरीक्षणं एकाच्याच आवाजात मिसळतात आणि मग त्यांची किंमत एका निरीक्षणाएवढी उरते. मग पक्षी जिथून उठला ती जागा बघा: पीस, विष्ठा, बसण्याचा खोलगा. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढा. पीस उचलून खिशात घालू नका, पहिल्या अनुसूचीतल्या पक्ष्याचं पीस बाळगणं गुन्हा आहे. जागेवर राहू द्या आणि त्याच दिवशी वनविभागाला कळवा, ते ताब्यात घेतील आणि त्यातून डीएनए तपासता येईल.

त्यानंतर मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांना कळवा. समाजमाध्यमांवर काहीही टाकू नका, ‘एका खास पक्ष्याच्या उतारावर’ असलं सूचक वाक्यही नको. फोटोतलं ठिकाण मोबाइलमधून काढून टाका.

दिसला नाही, आणि बहुतेक तसंच होईल, तरी परतल्यावर आठ दिवसांच्या आत सगळी पानं उतरवून काढा, पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा, मार्गांच्या फायली परवाना देणाऱ्या कार्यालयाला पाठवा. प्रत्येक उताराचं एक छायाचित्र ठरलेल्या दगडावर उभं राहून, ठरलेल्या दिशेला काढलेलं असू द्या, आणि त्या दगडाचे अक्षांश-रेखांश पानावर लिहा. एप्रिलमध्ये जाणारा गट त्याच दगडावर उभा राहून गवत किती उरलं ते बघू शकेल.